तुम्ही विचारलेत म्हणून: इतके करूनही घर जुनेच का दिसते?

घर पाहायला येणारे बहुतेक जण जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थबकतात. ती मधोमध झिजून खोलगट झाली आहे आणि तिच्या कडेला बसवलेला नव्या लाकडाचा वीतभर तुकडा सहज ओळखू येतो. मग प्रश्न येतोच: "दुरुस्तीत दोन वर्षे घालवलीत, मग घर नवे का दिसत नाही?" उभ्या उभ्या उत्तर देताना निम्मे राहून जाते, म्हणून हे लिहीत आहे. घर नवे दिसू नये, हे आम्ही ठरवून केले.

हे घर तीन मजली, रांगेतले. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामायिक. आम्ही ते घेतले तेव्हा तळमजल्याच्या भिंती कंबरेपर्यंत ओलावल्या होत्या आणि विटांना लोणा लागला होता. पहिल्या कंत्राटदाराने सिमेंटचा जाड गिलावा सुचवला. दुसऱ्या, वयस्क गवंड्याने दर्जेवर, म्हणजे दोन विटांमधल्या सांध्यावर, नख ओढून पाहिले आणि सांगितले की मागे कोणीतरी लावलेल्या सिमेंटनेच हे दुखणे आणले आहे. त्याचे म्हणणे पटायला मला वेळ लागला, पण आता मी ते प्रत्येकाला आवर्जून सांगते.

पोर्टलँड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिन यांनी १८२४ मध्ये घेतले. त्याचा सर्रास वापर सुरू होण्यापूर्वीच्या विटांच्या भिंती बहुधा चुन्यात बांधलेल्या असत. अशा भिंतीत पाणी शिरते, तसेच ते वाफ होऊन बाहेरही पडते. वरून सिमेंटचा थर दिला की ही वाट बंद होते, ओल भिंतीतच साठते आणि मिळेल तेथून, म्हणजे विटेतून, बाहेर पडू लागते. तिच्यात विरघळलेले क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन वाढतात आणि विटेचा दर्शनी पापुद्रा ढकलून पाडतात. शिवाय दर्जेतला चुना विटेपेक्षा मऊ असतो, आणि तो तसाच असावा लागतो, कारण भिंत किंचित हलली तर तडा दर्जेत जातो आणि वीट वाचते. दर्जा पुन्हा भरता येते. विटेचा गेलेला पृष्ठभाग परत येत नाही. मात्र चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो, म्हणून प्रत्येक थर पातळ द्यायचा, तो ओलसर ठेवायचा आणि पुढच्या थरासाठी थांबायचे. आमच्या दोन वर्षांतला बराच काळ या थांबण्यात गेला.

खिडक्यांच्या बाबतीत मला कमी धीर धरावा लागला. त्या बदलाव्यात असे जवळजवळ सर्वांनी सुचवले, पण सुताराने तपासले तर फक्त खालच्या आडव्या पट्ट्या कुजल्या होत्या. तेवढ्याच कापून त्याने नवे लाकूड जोडले. काचांमधून समोरची घरे किंचित हलल्यासारखी दिसतात. काच वर्षानुवर्षे खाली ओघळते म्हणून असे होते, हा समज चुकीचा आहे. तोंडाने फुगवून केलेल्या काचेत ती लहर पहिल्या दिवसापासून असते.

जुन्या इमारतीला नवेपणा देण्याच्या नावाखाली तिचा इतिहास खरवडला जातो, या संतापातून इंग्रज कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये एक संस्था स्थापन केली. पुढे १९६४ च्या व्हेनिस सनदेने, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांच्या मसुद्याने, दोन गोष्टी लिहून ठेवल्या: नव्याने घातलेला भाग एकूण वास्तूशी जुळावा, तरी मूळ भागापासून वेगळा ओळखू यावा, आणि जेथे अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबावा. आमच्या दर्शनी भागाचा लोखंडी कठडा शेजारच्या घरावरून करून घेतला, कारण सगळी रांग एकाच वेळी बांधलेली आहे आणि ते कठडे अजून शाबूत आहेत. दिवाणखान्याच्या छतावरची नक्षी मात्र कशी होती याचा काहीच पुरावा हाती लागला नाही. ते छत आम्ही साधे ठेवले.

या वस्तीत जागेला मागणी फार, म्हणून पाडून नवे का बांधले नाही, असेही विचारले जाते. रांगेतली घरे एकमेकांच्या आधाराने उभी असतात. मधले एक काढले तर शेजारच्या दोन्ही भिंती उघड्या पडतात आणि सामायिक भिंतीत टेकलेल्या त्यांच्या तुळयांचीही काळजी वाहावी लागते. ही जोखीम शेजाऱ्यांवर लादायला आमचे मन धजले नाही.

एक चूक माझ्या हातून झाली, ती मला अजून सलते. मुख्य दाराचा रंग मी पहिल्याच महिन्यात पूर्ण काढून टाकला. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये, एवढे पथ्य मी पाळले. पण त्या थरांत दाराचा मूळ रंग होता, आणि तो कोणता होता हे आता कधीच कळणार नाही. त्यानंतर जिन्याच्या वळणावरच्या कठड्यावर तळहाताएवढा चौकोन आम्ही न रंगवता ठेवला आणि त्यातला एकेक थर पायरीपायरीने उघडा केला. तेथे सात रंग मोजता येतात. सर्वांत खालचा गडद हिरवा आहे.