आमचं जोतं ऑर्चर्डमध्ये

गोव्यातलं आमच्या आजोबांचं मातीचं घर २०१९ च्या पावसात बसलं. भिंती गेल्या, जोतं राहिलं, समोरची तुळस राहिली. त्याच जोत्यावर दोन खोल्या नि ओसरी बांधावी म्हणून २०२४ च्या जानेवारीत मी कागद गोळा करायला लागलो. फेब्रुवारीत झोनिंग सर्टिफिकेट हातात आलं तेव्हा कळलं, की सरकारी नकाशात आमचं जोतं ऑर्चर्डमध्ये, म्हणजे बागायतीच्या झोनमध्ये आहे. तुळससुद्धा. सेटलमेंट झोन, म्हणजे घरांसाठीचा, आहे तो पलीकडे गडग्याच्या कडेला, जिथे आम्ही आजवर फक्त माडाची चुडतं रचून ठेवली.

तालुका, कार्यालय, माणसं यांची नावं इथे येणार नाहीत. कम्प्लीशन सर्टिफिकेटसाठी मला अजून त्याच जिन्यावरून चढायचं आहे.

जागा ८७५ चौरस मीटर. त्यातली ४१० सेटलमेंट, बाकी ऑर्चर्ड. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये गावाचे सर्व्हे नंबर रंगवलेले आहेत आणि आमच्या नंबरावर रंग अर्ध्यावर बदलतो. सत्तरच्या दशकातल्या सर्व्हेच्या प्लॅनवर मात्र घर स्पष्ट काढलेलं आहे, चौकोन करून. म्हणजे एका सरकारी कागदावर घर आहे आणि दुसऱ्या सरकारी कागदावर त्याच ठिकाणी बाग. आमच्याकडे एक-चौदाचा उतारा (जमिनीवर मालक कोण, कूळ कोण ते दाखवणारा), सर्व्हे प्लॅन, घरपट्टीच्या जुन्या पावत्या, सगळं होतं. पावत्या तर बाबांनी बिस्किटांच्या डब्यात सालवार लावून ठेवलेल्या. मला वाटलं, हे दाखवलं की पाच मिनिटांचं काम.

मार्चमध्ये जुन्या घराच्या जागी नवं घर असा अर्ज टाकला. अर्ज मराठीत लिहिला. मी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक, शिवाय १९८७ च्या राजभाषा कायद्याने मराठीलाही सरकारी वापरात जागा दिलेली आहे, मग का लिहू नये? काउंटरवरच्या बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला, पण घेतला. इन्वर्ड नंबर पडला. तो नंबर मी अजूनही झोपेत सांगू शकतो.

पुढे काय झालं ते महिन्यांनी सांगतो, कारण दुसरं मोजायला काही नव्हतंच.

एप्रिलमध्ये गेलो तर आचारसंहिता. मे महिन्याच्या ७ तारखेला गोव्यात लोकसभेचं मतदान होतं, त्यामुळे सगळे इलेक्शन ड्युटीवर. हे कारण मला सांगितलं गेलं तेव्हा मी स्वतः इलेक्शन ट्रेनिंगमधून अर्धी सुट्टी काढून आलो होतो. जूनमध्ये पाऊस. "सायटीचेर चिखल आसतलो, पाऊस उणो जावं दी." जुलैमध्ये माझ्या फायलीवर बसलेले साहेब बदलले. नवीन साहेबांना फायल समजून घ्यायची होती. ऑगस्टमध्ये "फायल वयर गेल्या" असं उत्तर मिळालं. वयर म्हणजे कुठे, दुसऱ्या मजल्यावर की पणजीला, ते विचारलं तर बाई नुसत्या हसल्या. सप्टेंबरच्या ७ तारखेला चवथ. चवथीच्या आधीचे आठ दिवस नि नंतरचे आठ दिवस गोव्यात कोणाकडे फायल मागणं म्हणजे पाप. ऑक्टोबरमध्ये फायल खाली आलेली होती, पण "सायब सायटीचेर गेल्यात". माझ्याच सायटीवर का, असं विचारलं. नाही, दुसऱ्या. नोव्हेंबरच्या २१ तारखेला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं, म्हणजे गोंयच्या सायबाचं, शवप्रदर्शन सुरू झालं. ते ५ जानेवारीपर्यंत चालायचं होतं, आणि काही माणसांची ड्युटी तिकडे लागली. एका वर्षात लोकशाही, निसर्ग, गणपती आणि गोंयचो सायब, सगळे माझ्या न्हाणीघराच्या आड आले.

या काळात मी तेरा कॅज्युअल लिव्ह उडवल्या. पहिले चार महिने मी वाकून बोलायचो. ऑगस्टमध्ये आवाज चढवला. त्याचा उपयोग शून्य झाला आणि दोन दिवस स्वतःचीच लाज वाटली. तिथल्या शिपाईमामांनी मात्र जिन्यात गाठून सांगितलं, "मास्तर, ओरडून फायल चालत नाही, कागदाने चालते." तेव्हा मला तो उपदेश वाटला. खरं तर ती टीप होती.

मध्येच गावातला एक दलाल घरी आला. "भाऊ, सतरा-दोन घाला. नकाशातली चूक दुरुस्त करून मिळते, सगळा प्लॉट सेटलमेंट होईल. विकायचा झाला तरी भाव येईल." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९७४ च्या नगरनियोजन कायद्यात २०२३ साली कलम १७(२) घातलं गेलं, आराखड्यात अनवधानाने राहिलेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी. २०२४ मध्ये त्यात ३९ अ ची भर पडली. त्यात झोन बदलाची सूचना निघते, ३० दिवसांत हरकती घ्यायच्या आणि पुढे निर्णय. माझी चूक तर खरोखरची चूक होती, चौकोन काढलेलं घर होतं. एका रात्री मी फॉर्म भरलासुद्धा. हिने विचारलं, "आपल्या मागच्या डोंगराचा झोन असाच बदलला तर ग्रामसभेत तुम्ही उठून बोलणार ना? मग हे काय?" फॉर्म अजून कपाटात आहे. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७(२) खालचे नियम रद्द ठरवले आणि कलमाची व्याप्ती आवळली, तेव्हा ही पेपर माझ्या ताटाशेजारी ठेवून गप्प बसली. मी मोठा तत्त्वनिष्ठ वगैरे नाही. बायको होती म्हणून वाचलो.

दुसऱ्या एकाने फार्महाउसची वाट सुचवली. त्याला किमान ४००० चौरस मीटर जमीन लागते. आमची ८७५.

डिसेंबरच्या सुरुवातीला माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपये फी. हे मी मे महिन्यातच करायला हवं होतं. आणि करताना "माझं काम का अडलं?" असं कधीच विचारू नका, 'का' चं उत्तर द्यायला ते बांधील नसतात. मी पहिला मसुदा नेमका तसाच, दोन पानी, रागाने लिहिला होता. शाळेतल्या एका सहकाऱ्याने तो फाडला आणि चार ओळी लिहून दिल्या: अमुक इन्वर्ड नंबरच्या फायलीतल्या सर्व टिपणी-पानांच्या प्रती, फायल कोणत्या तारखेला कोणाकडे गेली त्याची नोंद, पत्रव्यवहाराच्या प्रती.

तीस दिवसांच्या आत प्रती मिळाल्या. कार्यालयाच्या बाहेर गाड्यावर चहा घेत वाचायला बसलो. तिसऱ्या पानावर १८ एप्रिलची टिपणी: घराची जागा आणि झोनची हद्द दोन्ही दाखवणारा स्पष्ट प्लॅन अर्जदाराकडून मागवावा. खाली सही, मंजूर. त्याच्या मागे मला लिहिलेलं पत्र, टाइप केलेलं, सही झालेलं. आउटवर्ड नंबरची जागा कोरी.

म्हणजे पत्र तयार होतं आणि पाठवायचं राहिलं होतं. एप्रिल ते डिसेंबर मी त्यांची वाट पाहत होतो आणि फायल माझी वाट पाहत होती. फायल वर गेली, खाली आली, साहेब बदलले, आणि प्रत्येकाने शेवटचं पान वाचलं: अर्जदाराकडून प्लॅन येणे बाकी. चहा तसाच राहिला. त्या गाडेवाल्याने विचारलं, साखर कमी झाली का?

प्लॅन काढायला दोन दिवस लागले. इथे एक सांगतो, जे मला आधी कोणी सांगितलं नाही. सर्व्हे प्लॅन १:१००० चा असतो, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर एक मीटर. जाड पेनाने मारलेली हद्दीची रेघ म्हणजे ओसरीची एक पायरी. त्यामुळे झेरॉक्सवर स्केचपेनने रंगवलेला झोन घेऊन फिरू नका. सर्व्हेअरकडून जागेवर मोजून, झोनची रेघ वर चढवून घ्या, आणि हे अर्जाच्या आधीच करा. मापं बघताना मी मनातल्या मनात देव पाण्यात ठेवले होते, की रेघ सरकेल. नाही सरकली. जोतं तीन चतुर्थांश ऑर्चर्डमध्येच निघालं.

मग निर्णय घ्यायला अर्धा तास पुरला. घर सात मीटर पूर्वेला सरकवलं, चुडतांच्या जागी. क्षेत्रफळाचा हिशोब ४१० वर धरायचा, ८७५ वर नाही; आमच्या ड्राफ्ट्समननेही पहिल्यांदा ८७५ धरला होता, तेव्हा तुम्हीही तपासा. बाबांना हे सांगताना मला जड गेलं. ते म्हणाले, "तुळस हलवू नको. घर कुठेही बांध."

जानेवारीत नवा प्लॅन दिला आणि त्यानंतरचं सगळं इतकं सरळ झालं की लिहिण्यासारखं काही नाही. तांत्रिक मंजुरी, आरोग्य केंद्राचा दाखला, ४१० चौरस मीटरची सनद (जमिनीच्या बिगरशेती वापराची), पंचायतीचा परवाना. पंचायतीत तर सचिवांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली. हो, एक-चौदावर नाव फक्त तुमचं असलं तरी अर्जावर बायकोचीही सही घेऊन ठेवा. आपल्याकडे गोव्यात लग्नानंतर मालमत्ता दोघांची धरतात, आणि सनदीच्या टेबलावर हे आठवलं तर आणखी एक सुट्टी जाते. कुळाचा रकाना रिकामा आहे ना, तेही आधीच बघा. आमचा होता, त्यामुळे त्या वाटेबद्दल मला काही सांगता येणार नाही.

आता पाया झालाय. चिरे आलेत, गडग्याला लावून रचलेत. जुन्या जोत्यावर बाबा संध्याकाळी खुर्ची टाकून बसतात आणि गवंड्याला सूचना देतात.

परवा पोस्टमन आला. साधं पोस्ट, सरकारी लिफाफा. आत इंग्रजी पत्र, तारीख १८ एप्रिल २०२४, आउटवर्ड नंबर मात्र ताजा. पंधरा दिवसांत स्पष्ट प्लॅन सादर करावा, अन्यथा आपला अर्ज निकाली काढण्यात येईल.