शेअर्ड होस्टिंग घेण्याआधी मी आता काय विचारते

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ मी गेली नऊ वर्षे सांभाळते. कार्यकारिणीत त्या वेळी संगणक बऱ्यापैकी येणारी मी एकटीच होते, म्हणून काम माझ्याकडे आले आणि माझ्याकडेच राहिले. संकेतस्थळावर फार काही नाही. पुस्तकांची शोधता येणारी यादी आहे, मुखपृष्ठांची छायाचित्रे आहेत, वर्गणीचे दर आहेत आणि दरवर्षीच्या दिवाळी अंक योजनेची सूचना आहे. एवढ्या कामाला स्वतंत्र सर्व्हर (संकेतस्थळ ज्यावर ठेवतात तो संगणक) घेणे म्हणजे वाचनालयाचे पैसे उधळणे होईल. शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेक ग्राहकांनी मिळून वापरायचा सर्व्हर, आम्हाला पुरते आणि त्याला कमी लेखण्याचे कारण मला दिसत नाही. ते कोणाकडून घ्यावे, हा प्रश्न मात्र मी पहिल्या खेपेस चुकीच्या पद्धतीने सोडवला होता. जागा किती मिळते आणि पहिल्या वर्षी पैसे किती पडतात, एवढ्या दोनच गोष्टी मी तेव्हा पाहिल्या.

चार वर्षांपूर्वी दिवाळी अंक योजनेची सूचना आम्ही एका संध्याकाळी गावातील व्हॉट्सॲप गटांवर पाठवली. पंधरा-वीस मिनिटांत संकेतस्थळाच्या जागी ५०८ क्रमांकाची त्रुटी दिसू लागली आणि तिच्याखाली संसाधनांची मर्यादा संपल्याचे एका ओळीत लिहिलेले होते. आमच्या प्लॅनच्या जाहिरातीत जागा आणि बँडविड्थ (माहितीची ये-जा) दोन्ही ‘अमर्याद’ होत्या. मग संपले काय, हे समजून घेण्यात माझी ती रात्र गेली.

जे समजले ते असे. शेअर्ड होस्टिंगमध्ये एका सर्व्हरवर शेकडो ग्राहकांची खाती असतात. एका खात्याने सगळा प्रोसेसर आणि सगळी मेमरी ओढून घेऊ नये म्हणून बहुतेक कंपन्या क्लाउडलिनक्ससारखी, २०१० मध्ये बाजारात आलेली प्रणाली वापरतात, जी प्रत्येक खात्याला प्रोसेसर, मेमरी, डिस्कचा वेग आणि एकाच वेळी चालू शकणाऱ्या प्रक्रिया यांची कमाल मर्यादा आखून देते. सामायिक विहिरीवर पाण्याची पाळी ठरलेली असते, त्यातलाच हा प्रकार आहे, आणि तो न्याय्यही आहे, कारण पाळी नसेल तर मोठी मोटर असलेला शेतकरी विहीर कोरडी करतो. फरक एवढाच की विहिरीतील हिस्सा सातबाऱ्यावर लिहिलेला असतो. होस्टिंगमधील हिस्सा पुष्कळदा जाहिरातीत कोठेच नसतो. आमच्या खात्याला एकाच क्षणी २० प्रक्रिया चालवण्याची परवानगी होती. पुस्तकांच्या यादीतील शोध मी कॅशेविना, म्हणजे आधीचे निकाल साठवून न ठेवता, चालवत असल्यामुळे प्रत्येक शोध एक प्रक्रिया दोन-तीन सेकंद अडवून ठेवत असे. त्या संध्याकाळी पंचवीस-तीस सभासद एकदम शोधू लागले आणि विसाव्यानंतरच्या सगळ्यांना दार बंद झाले. यात माझीही चूक होती, हे कबूल करायला हवे.

तेव्हापासून कोणत्याही कंपनीला मी पहिला प्रश्न हाच विचारते: या प्लॅनमध्ये एका खात्याला प्रोसेसर किती, मेमरी किती, एकाच वेळी प्रक्रिया किती आणि एकूण फाइलींची मर्यादा किती? शेवटचा आकडा विशेष फसवा असतो. जागा अमर्याद असली तरी फाइलींच्या संख्येला, म्हणजे आयनोडला, मर्यादा असते. संकेतस्थळे बनवण्याची वर्डप्रेस ही प्रणाली एका छायाचित्राच्या लहानमोठ्या आकारांच्या अनेक प्रती आपोआप तयार करते आणि त्याच खात्यात ठेवलेल्या ईमेलचे प्रत्येक पत्रही बहुधा वेगळी फाइल म्हणून मोजले जाते. हजारो मुखपृष्ठे चढवणाऱ्या वाचनालयाला जागा भरण्याआधी हा आकडा गाठतो.

हा प्रश्न मी विकत घेण्यापूर्वी आणि शक्यतो रात्री अकराच्या सुमारास विचारते. आकडे समजतात, आणि उत्तर देणारा माणूस कोण आहे तेही समजते. एका कंपनीने मला आकड्यांऐवजी तीन वेळा सवलतीची लिंक पाठवली. दुसऱ्या एका कंपनीने चाळीस मिनिटे घेतली, पण चारही आकडे दिले आणि वर ‘तुमच्या शोधाला कॅशे लावा, नाहीतर मोठ्या प्लॅनमध्येही हेच होईल’ असे स्वतःहून सांगितले. मोठा प्लॅन विकण्याची आयती संधी सोडणारा माणूस मला तेथे भेटला आणि वाचनालय आज त्याच कंपनीकडे आहे.

किमतीचा विषय त्या मानाने सोपा आहे, फक्त हिशेब कागदावर मांडावा लागतो. समजा, जाहिरातीत महिना ९९ रुपये दर आहे. तो बहुधा तीन वर्षांचे पैसे एकदम भरल्यासच लागू असतो, म्हणजे ३,५६४ रुपये आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून जवळपास ४,२०० रुपये. नूतनीकरणाचा दर महिना २९९ असेल, तर पुढच्या तीन वर्षांना करासह १२,७०० रुपये पडतात. यात बेकायदेशीर काही नाही आणि तो दर बारीक अक्षरात छापलेलाही असतो. पण वार्षिक सर्वसाधारण सभेत अंदाजपत्रक मांडणाऱ्या चिटणिसाला हा तिप्पट झालेला आकडा समजावून सांगणे माझ्या वाट्याला येते, म्हणून मी पहिल्या वर्षाचा दर विचारतच नाही, फक्त नूतनीकरणाचा विचारते. एसएसएल प्रमाणपत्राचे (ज्यामुळे संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित राहते) वेगळे पैसे मागणाऱ्या कंपनीकडेही मी संशयाने पाहते. लेट्स एनक्रिप्ट ही संस्था २०१५ च्या अखेरीपासून ही प्रमाणपत्रे विनामूल्य देत आहे आणि कंट्रोल पॅनेलमधून, म्हणजे खाते सांभाळण्याच्या पडद्यावरून, ती आपोआप बसवता येतात. जी गोष्ट फुकट मिळते तिचे वार्षिक शुल्क लावणारी कंपनी आणखी कोठे काय लावत असेल, असा प्रश्न मनात येतोच.

तुलना करताना आणखी एक गंमत लक्षात आली. मी तीन-चार नावे घेऊन तक्ता केला होता आणि त्यांतील बहुतेक नावे एकाच मालकाची निघाली. अमेरिकेतील एन्ड्युरन्स इंटरनॅशनल ग्रुपने ब्लूहोस्ट आणि होस्टगेटर विकत घेतल्या, २०१४ मध्ये मुंबईच्या डायरेक्टी समूहाकडून बिगरॉक घेतली आणि २०२१ मध्ये हा समूह वेब डॉट कॉममध्ये मिळून न्यूफोल्ड डिजिटल झाला. एका मालकाच्या अनेक कंपन्या असण्यात वाईट काही नाही, पण एकीला कंटाळून दुसरीकडे जाणाऱ्याने आपण खरोखर घर बदलतो आहोत की त्याच घराच्या दुसऱ्या दाराने आत येतो आहोत, हे पाहिलेले बरे. ‘सर्वोत्तम दहा होस्टिंग’ अशा याद्यांचेही तसेच आहे. त्यांतील दुव्यावरून खरेदी झाली की लिहिणाऱ्याला दलाली मिळते, त्यामुळे यादीचा क्रम दलालीच्या क्रमाने लागलेला असण्याची शक्यता गृहीत धरून मी त्या वाचते.

आता ज्या गोष्टीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, ती म्हणजे बॅकअप. ५०८ च्या त्या रात्रीनंतर मी घाईघाईत एक प्लगइन बदलले आणि संकेतस्थळ पुरतेच पडले. जुन्या कंपनीकडे बॅकअप मागितला, तेव्हा ‘दैनंदिन बॅकअप’ या शब्दांचा अर्थ ‘जमल्यास’ असा निघाला. शेवटची प्रत तीन आठवड्यांपूर्वीची होती आणि ती परत बसवण्याचे वेगळे शुल्क होते. नंतर नियमावली वाचली, तर बॅकअपची अंतिम जबाबदारी ग्राहकाची, असे त्यात स्पष्ट लिहिलेले आढळले. हे वाक्य मला नंतर बहुतेक कंपन्यांच्या नियमावलीत दिसले आहे, त्यामुळे त्याबद्दल रागावण्यात अर्थ नाही. ते खरे मानून चालावे. मी आता विचारते की प्रती किती दिवस ठेवता, त्या त्याच डेटा सेंटरमध्ये असतात की दुसरीकडे, आणि मी स्वतः पॅनेलमधून त्या उतरवून घेऊ शकते का. ‘दुसरीकडे’ या शब्दाचे महत्त्व १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे सर्वांना दिसले. ओव्हीएच या युरोपातील मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला तेथे आग लागली, एक संपूर्ण इमारत जळाली, लाखो संकेतस्थळे बंद पडली आणि ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते अशा काही ग्राहकांची माहिती कायमची गेली.

डोमेन (संकेतस्थळाचे नाव, म्हणजे त्याचा पत्ता) आणि होस्टिंग एकाच कंपनीकडे ठेवू नये, हे माझे ठाम मत आहे. होस्टिंगसोबत पहिल्या वर्षी डोमेन फुकट मिळते, पण भांडण होऊन निघायची वेळ आली की कळीची वस्तू समोरच्याच्या हातात असते. आमचे डोमेन तर एका स्थानिक विक्रेत्याने स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेलवर नोंदवलेले होते. ते वाचनालयाच्या नावावर आणून हस्तांतराचा सांकेतिक क्रमांक मिळवण्यात सात आठवडे गेले. डोमेन मी आता वेगळ्या नोंदणीदाराकडे ठेवते, नोंद वाचनालयाच्या नावाने असते, आणि नूतनीकरण आपोआप होईल यावर विसंबत नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आवर्ती पैसे कापण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ग्राहकाची आधी नोंदवलेली मंजुरी लागते, आणि त्या नियमांत न बसणारी वजावट बँक परत फिरवते. परदेशी कंपनीच्या पॅनेलवर ‘ऑटो-रिन्यू चालू’ असे हिरव्या अक्षरांत दिसत असले, तरी पैसे गेले का ते बँकेच्या संदेशावरूनच पाहावे.

स्थलांतराचा एक प्रसंग सांगितला पाहिजे, कारण तो मराठीत लिहिणाऱ्या कोणावरही येऊ शकतो. जुन्या सर्व्हरवरील डेटाबेस नव्या ठिकाणी उतरवला आणि पान उघडले, तर पुस्तकांच्या नावांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन अक्षर आणि त्याच्या शेजारी चार काटे असलेल्या वर्तुळाचे चलनचिन्ह, अशा जोड्यांच्या रांगाच्या रांगा. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत ८.० ही आवृत्ती येईपर्यंत, वेगळे काही निवडले नाही तर, लॅटिन-१ हा रोमन लिपीचा अक्षरसंच आपोआप लागे आणि आमची जुनी यादी त्याच सारणीत बसवलेली होती. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. जुन्या सारणीला ते तीन बाइट म्हणजे तीन वेगवेगळी रोमन अक्षरे वाटत होती आणि निर्यात करताना त्या प्रत्येकाचे पुन्हा यूटीएफ-८ मध्ये रूपांतर झाले. वाचनालयाची सगळी यादी अशी दुहेरी रूपांतरित होऊन आली होती. नव्या कंपनीच्या तंत्रज्ञाला मराठी येत नव्हते, तरी पडद्याचे छायाचित्र पाहताच त्याने पहिल्याच उत्तरात नेमके कारण सांगितले आणि निर्यात लॅटिन-१ म्हणून करून आयात यूटीएफ-८ म्हणून करायला लावली. दुपारपर्यंत सगळी शीर्षके जोडाक्षरांसकट जागेवर आली. जुने खाते मी तोवर बंद केलेले नव्हते, हे नशीब. नवे ठिकाण महिनाभर नीट चालेपर्यंत जुने खाते चालू ठेवावे. त्या महिन्याचे पैसे वाया गेले असे समजू नये.

अपटाइमच्या, म्हणजे संकेतस्थळ चालू राहण्याच्या वेळेच्या, टक्केवारीवर मी फार वेळ घालवत नाही. ९९.९ टक्के म्हणजे तीस दिवसांत ४३ मिनिटे बंद, आणि वाचनालयाला तेवढे चालते. हमी मोडली तर भरपाई म्हणून मासिक शुल्काचा काही अंश खात्यात जमा होतो, ज्यात चहासुद्धा येईल की नाही याची शंका आहे. त्यापेक्षा मी एक महिन्याचा प्लॅन घेते, त्यावर यादीची प्रत बसवते आणि दर पाच मिनिटांनी तपासणी करणारी अपटाइमरोबोटची विनामूल्य सेवा लावून ठेवते. सर्व्हर मुंबईत असेल तर उत्तम. आमचे सगळे वाचक महाराष्ट्रात आहेत आणि अमेरिकेपर्यंतच्या एका फेरीला २०० मिलिसेकंदांहून अधिक लागतात, तर एक पान उघडण्यात अशा फेऱ्या अनेक होतात. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलेले आहे त्या पीएचपीच्या कोणत्या आवृत्त्या पॅनेलवर आहेत, तेही त्याच महिन्यात दिसते. ७.४ या आवृत्तीच्या सुरक्षा दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाल्या आहेत, आणि नव्या खात्यात आजही तीच निवडून देणारी कंपनी सर्व्हरकडे लक्ष देत नाही एवढे नक्की.

ईमेल मात्र मी होस्टिंगवरून काढूनच टाकले. शेजारच्या एखाद्या खात्याने कचरापत्रे पाठवली की सर्व्हरचा सामायिक आयपी पत्ता (इंटरनेटवरील क्रमांक) काळ्या यादीत जातो आणि आमची वर्गणीची स्मरणपत्रे सभासदांच्या स्पॅममध्ये पडतात. त्यावर शेअर्ड होस्टिंगमध्ये खात्रीचा उपाय मला सापडला नाही.

या जूनमध्ये नूतनीकरणाची सूचना आली, तेव्हा तीन वर्षांचे एकदम भरल्यास चाळीस टक्के सवलत होती. चिटणिसांनी विचारले, ‘ताई, एवढे पैसे वाचतात, तर एकदमच भरून टाकूया का?’ कंपनी चांगली आहे, तरीही मी एकाच वर्षाचे भरायला सांगितले. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी पूर्ण बॅकअप एका हार्डडिस्कवर उतरवते आणि ग्रंथपाल ती नोंदवहीच्या कपाटात ठेवतात. गणपतीनंतर, दिवाळी अंकांची यादी येण्याआधी, ती प्रत घरच्या संगणकावर बसवून पुस्तकांची नावे मराठीत दिसतात का, हे पाहण्याचे काम अजून बाकी आहे.