आधी नोंद, मग निरोप

मंगळवार, रात्री साडेदहा. घाटंजी.

आज कापसाच्या जिनिंगच्या काट्यावर एका काकांनी पासबुकाच्या प्लॅस्टिक पिशवीतून घडी केलेली काटापट्टी काढून माझ्या हातात दिली. निव्वळ वजन 23 क्विंटल. "भाऊ, तीन दिवस झाले, खात्यात काहीच नाही आलं. पट्टी तं खरी हाये ना?"

पट्टी खरीच होती. चूक माझ्या प्रोग्राममध्ये होती. वजन झालं की तो आधी साठ्याच्या सिस्टिमला कळवायचा, मग पेमेंटच्या, आणि उत्तराची वाट बघत थांबायचा. त्या दिवशी साठ्याची नोंद झाली आणि नेट गेलं. ऑपरेटरने पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तेच झालं. साठ्यात 46 क्विंटल चढले, पेमेंटकडे एक किलोही नाही.

संध्याकाळभर तेच डोक्यात होतं. उत्तर आलं नाही म्हणजे निरोप पोचला नाही, असं नसतं. कधी निरोप पोचतो आणि त्याची पोच वाटेत हरवते. पाठवणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं.

म्हणून आउटबॉक्स पॅटर्न घ्यायचं ठरवलं. वजन आणि पाठवायचा निरोप, दोन्ही काट्याच्याच कम्प्युटरवर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायचे. होतील तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. पट्टी लगेच छापायची, गाडी मोकळी. नेट असेल तेव्हा दुसरा छोटा प्रोग्राम निरोप रॅबिटएमक्यूकडे, म्हणजे निरोप रांगेत ठेवून पुढे पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, नेईल आणि पोच येईपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवत राहील. त्यातल्या फॅनआउट एक्स्चेंजमुळे, म्हणजे एकच निरोप सगळ्यांना वाटणाऱ्या सोयीमुळे, साठा, पेमेंट आणि एसएमएस या तिघांच्या रांगेत एकेक प्रत पडेल. काफ्का या तशाच कामाच्या, पण मोठ्या सॉफ्टवेअरचा मोह झाला होता, त्यात जुने निरोप पुन्हा वाचता येतात. पण दिवसाच्या शे-दीडशे गाड्यांसाठी तेवढा पसारा इथे सांभाळणार कोण?

या पद्धतीत एकच निरोप कधीतरी दोनदा येणारच. तेव्हा घेणाऱ्यानेच पट्टी नंबर ओळखायचा. पेमेंटच्या टेबलात त्या नंबरावर युनिक बंधन घातलं, म्हणजे तोच नंबर दुसऱ्यांदा नोंदवलाच जाणार नाही. पैशाच्या बाबतीत मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

रात्री राउटर बंद करून तीन खोटी वजनं घेतली. राउटर सुरू केला, आणि एका निरोपाची पोच यायच्या आत पाठवणारा प्रोग्राम मुद्दाम बंद पाडला. पुन्हा चालू केल्यावर तो निरोप दुसऱ्यांदा गेला. पेमेंटमध्ये नोंदी तीनच. दोनदा मोजून पाहिल्या.

सकाळी साठ्यातले जादा 23 क्विंटल काढायचे, काकांची पट्टी हाताने पेमेंटला लावायची आणि नऊच्या आत त्यांना फोन करायचा.