लॉक बसलं एकदाचं

आजचा अख्खा रविवार पेनसिल्व्हेनियातल्या माझ्या शेजारी काकांच्या गॅरेजमध्ये गेला, त्यांची ठासणीची चकमकी रायफल आता खरी रायफल दिसायला लागलीय!! अठराव्या शतकात इथे लँकेस्टरला जेकब डिकर्टसारखे कारागीर बनवायचे ना, त्याच पद्धतीची, मेपलचा दस्ता, लांबलचक नळी.

आज लॉक (म्हणजे चकमकीची ठिणगी पाडून बार पेटवणारी यंत्रणा) आणि साइडप्लेट (तिच्या समोरच्या बाजूची पट्टी). आधी लॉकमधली स्प्रिंगबिंग सगळं काढून नुसती प्लेट घ्यायची, तिला दिव्याची काजळी लावायची, लाकडावर दाबायची, जिथे काळा डाग उठेल तेवढंच पटाशीने खरवडायचं आणि परत दाबायची, असं तासन्‌तास. मग आतल्या एकेका पार्टसाठी वेगळी खाच, आणि तीही लागेल तेवढीच, कारण तिथे लाकूड आधीच पातळ असतं. प्लेट नळीला एकदम चिकटून बसली पाहिजे, फट राहिली तर बंदुकीची दारू आत जाते. आणि रंजकीची वाटी (ठिणगी पडते ती चिमूटभर दारू यात असते) नळीच्या कानासमोर, म्हणजे आग आत नेणाऱ्या बारीक भोकासमोर, बरोब्बर यायला हवी, नाहीतर बार पेटायचा भरवसा नाही. कान पाडायचा तो लॉक बसल्यावरच.

पलीकडच्या बाजूची पितळी साइडप्लेट मला आधी नुसती शोभेची वाटायची, पण लॉकचे स्क्रू तिच्यातूनच आरपार येतात, स्क्रूच्या डोक्याचा दाब ती घेते म्हणून लाकूड चेपत नाही. पुढचा स्क्रू तर नळी आणि बार ठासायच्या गजाच्या भोकाच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून जातो, ते ड्रिल करताना काका श्वास रोखून होते, मीपण.

स्क्रू आवळले, घोडा ओढला, कुठेही अडकला नाही. काय सुंदर काम आहे हे, खरंच.