आईला तापातलं कळतं

मंगळवार, रात्रीचे साडेबारा

झोप येत नाहीये, आणि कारण इतकं फालतू आहे की कुणाला सांगायचीही सोय नाही. चिऊ मघाशी फोनवर त्या सातव्या मजल्याला, म्हणजे तिथे राहणाऱ्या पोराला, म्हणाली, "अरे, आईला तापातलं कळतं ना, म्हणून सापडलं." आणि दोघंही हसली. वाईट काही नव्हतं त्यात, कौतुकच होतं. पण तेव्हापासून मी चाळलेली भाजणी परत चाळतेय, पुसलेला ओटा परत पुसतेय.

तापातलं कळतं. बरं.

उद्या चिऊचं सबमिशन. सी भाषेतले दोन प्रोग्राम: एक फॅरनहाइटचं सेल्सिअस, दुसरा सेल्सिअसचं फॅरनहाइट. पहिल्या सेमिस्टरला सगळ्यांच्या वाट्याला येतं ते. आधी चॅटजीपीटीला विचारून झालं होतं. त्याने दिलेलं चाललं, पण त्यात फंक्शन वेगळं काढलेलं, आणि सरांनी फंक्शन अजून शिकवलेलंच नाही. मागे वर्गातल्या एकीने असंच उतरवून नेलं तर सरांनी भर लॅबमध्ये तिला एकेक ओळ समजावून सांगायला लावली म्हणे. त्यामुळे ते बाद. मग बाईसाहेबांनी शाळेतलं सूत्र आठवून स्वतः टाइप केलं: ५/९, गुणिले कंसात एफ वजा ३२. रन केलं. शून्य ते शंभरचा तक्ता आला आणि सेल्सिअसच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ०.०० आणि ०.००. इकडे घणसोलीत ऑक्टोबरच्या घामाच्या धारा, पंखा पाचवर, आणि लॅपटॉपवर सगळीकडे शून्य अंश.

वरच्या दोन ओळींत तर उणे शून्य. -०.००. ती त्यालाच धरून बसली. वजाबाकी चुकलीय म्हणून कंस काढ, कंस घाल.

मला ओट्यापाशी उभ्या उभ्या कळलं होतं. आमचा हॉल तो केवढा, झारा हातात असतानाही स्क्रीन दिसते. पाच पूर्णांक, नऊ पूर्णांक. सी भाषेत पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तर पूर्णांकच येतं, दशांश सरळ टाकून देतात. पाचात नऊ जातात शून्य वेळा. पुढे मग त्या शून्याला कशानेही गुणा. बत्तीसच्या खालच्या आकड्यांना कंसातलं उत्तर उणे येतं, म्हणून तिथे उणे शून्य. इतकंच.

म्हटलं, "काय गं, काय अडलंय?"

"काही नाही गं आई, कोडिंगचं आहे."

आणि तिने सातव्या मजल्याला फोन लावला.

म्हणजे आधी मशीनला विचारलं, मग सातव्या मजल्याला. तिसरा नंबर आपला लागेल म्हणून मी गॅस बारीक करून उभी. तो लागला नाही.

असं नाही की तिला माहीत नाही. माहीत आहे, पण घरातल्या जुन्या गोष्टी जशा माहीत असतात तसं. आई पूर्वी अंधेरीला, सीप्झमधल्या एका कंपनीत, कॉम्प्युटरवर होती. सासूबाईही असंच सांगायच्या, कॉम्प्युटरवर होती, जणू मी त्याच्यावर बसून पापड लाटत होते. १९९८ आणि ९९, दोन्ही वर्षं मी कोबोल नावाच्या जुन्या भाषेतल्या प्रोग्राममध्ये वर्षाचे दोन आकडी रकाने शोधत काढली, नाहीतर दोन हजार साल लागलं की ०० म्हणजे १९०० धरलं गेलं असतं. पिक ९९, म्हणजे दोन आकड्यांची जागा, दिसलं की ते पिक ९(४), म्हणजे चार आकड्यांची, करायचं. जिथे फाइलमध्ये जागा नाही तिथे एक रेघ ठरवायची, तिच्याखालचं साल नव्या शतकातलं आणि वरचं जुन्या. हजारो ओळी. सातव्या कॉलममध्ये तारा असली की ती ओळ कॉमेंट, आणि बहात्तराव्या कॉलमच्या पुढे काही गेलं की ते कंपायलरच्या लेखी नाहीच. शेवटच्या रात्री आम्ही सगळे सकाळपर्यंत ऑफिसात, आणि काहीही झालं नाही. मग जग म्हणालं, उगाच बाऊ केला होता. काही झालं नाही कारण आम्ही बसलो होतो, हे कुणाला सांगत बसणार.

नंतरचं नंतर. ते आज नको.

सकाळच्या ठाण्याच्या गाडीत ऐरोलीला निम्मा डबा रिकामा होतो. चिऊपेक्षा चार-सहा वर्षांनी मोठ्या असतील त्या मुली, गळ्यात आयकार्ड, पाठीला लॅपटॉपची सॅक. त्या उतरल्या की मला बसायला जागा मिळते. याबद्दल मी त्यांची आभारी आहे आणि यापुढे मी विचार करत नाही. ठाण्याला उतरून टॅली उघडते, व्हाउचर टाकते, जीएसटी भरते. काम वाईट नाही. टॅली माझ्याशी उद्धटपणे बोलत नाही.

पण आज मला एवढंच कळेना की तिने मला का विचारलं नाही. आणि मीही का नाही सांगितलं. जीभ दाताखाली धरून मी चक्क चकल्या मोजत होते.

सातव्या मजल्याने मोबाइलवर सांगितलं, "पाचच्या जागी ५.० कर." तिने केलं. तक्ता आला, सगळ्या ओळी शहाण्यासारख्या. "यस!" झालं. का, ते तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. त्याला माहीत असेलही. पोरगा गुणी आहे, लिफ्ट बंद असली की माझी भाजीची पिशवी वर आणून देतो. त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नाही, तरी थोडा काढला. मनात.

मी राम मारुती रोडला क्लासला जायचे तेव्हा दोघींत एक मशीन असायचं. टर्बो सीची ती निळी स्क्रीन. कंट्रोल एफ नाइन दाबलं की रन, ऑल्ट एफ फाइव्ह दाबलं की आउटपुट. बोटांना अजून आठवतं, बघा. अडलं की मॅडमना हाक मारायची. मॅडम यायच्या आणि दोन्ही हात मागे बांधून उभ्या राहायच्या. कीबोर्डला कधी बोटही लावलं नाही त्यांनी. म्हणायच्या, "वाचून दाखव." मी वाचायला लागायचे, आणि पाचव्या-सहाव्या ओळीला माझाच आवाज अडखळायचा. मॅडम तोवर पुढच्या मशीनकडे गेलेल्या. नाहीच सापडलं तर ड्राय रन: वहीचं पान आडवं धरायचं, आय, जे, सम असे रकाने आखायचे, आणि लूप एकदा फिरला की आधीचा आकडा पेन्सिलीने काटून खाली नवा लिहायचा. पान भरलं की चूक सापडलेली असायची, नाहीतर तास संपलेला असायचा.

मला तसंच येतं. मला विचारलं असतं तर मी हात मागे बांधून म्हटलं असतं, वाचून दाखव. आणि तिला अकराच्या आत झोपायचं होतं. तिला माहीत आहे मी कशी आहे ते. आठवीत टक्केवारीच्या वेळी म्हणालेली, "आई, मला उत्तर विचारायचंय, तुला नाही." तेव्हा मी सगळ्यांना हसून सांगितलं होतं ते.

तर दुसरा प्रोग्राम. ९/५ गुणिले सी, अधिक ३२. इथे तिने ५.० वाली गंमत केली नाही, कारण इथे शून्य येत नव्हतं ना. आजचं म्हणून तीस घातलं. आलं ६२.००. "झाला हाही!" म्हणाली आणि जर्नलमध्ये आउटपुट उतरवायला घेतलं, निळ्या पेनाने, डाव्या पानावर.

मी पोळ्यांचा डबा ठेवायला गेले आणि बासष्ट बघितलं. तीस अंशांचे शहाऐंशी व्हायला हवेत. नवात पाच एकदाच जातात, उरलेले चार गेले. एक गुणिले तीस, अधिक बत्तीस. शून्य निदान दारात उभं राहून बोंब मारतं. बासष्ट म्हणजे कडक इस्त्रीचा शर्ट घालून आलेला भामटा, त्याला आपणच पाणी विचारतो. अशा आकड्यांनी मला सीप्झला किती छळलंय. व्याजाच्या रकान्याला पिकमध्ये व्ही, म्हणजे दशांशचिन्हाची जागा, द्यायचा राहिला की दशांशानंतरचे पैसे गायब, एररही नाही आणि वॉर्निंगही. रिपोर्ट दिसायला एकदम चोख. महिनाअखेरीला बेरीज जुळत नाही तेव्हा कळणार.

शिकवायचं नाही हे मी ठरवलं होतं. पण बासष्ट जर्नलमध्ये पेनाने उतरत होतं. म्हणून एवढंच म्हटलं, "अंगाचं घालून बघ की. सदतीस."

"अंगाचं?"

"माणसाचं अंग. थर्मामीटर काय सांगतो नॉर्मल असलं की?"

तिने घातलं. ६९.००.

मग बराच वेळ काही बोलली नाही. वर पहिला प्रोग्राम उघडला, खाली दुसरा. पेनाचं टोपण चावत दोन्हीकडे बघत होती. मी डबा हातात घेऊन तिथेच, तिला दिसणार नाही अशी. पुटपुटली, "इथेही दोन्ही इंटच आहेत... म्हणजे एकच येतंय..." आणि ९.० केलं. ९८.६०. व्हाइटनरने बासष्ट खोडलं, फुंकर मारून वाळवलं, वर शहाऐंशी लिहिलं. आणि मग फोन लावून त्याला सांगितलं, ते वर लिहिलंच आहे.

म्हणजे का ते तिला कळलं. ५.० का, हेही त्यातच कळलं: दशांश लिहिला की तो पूर्णांक राहत नाही. कुणी न सांगता. सातव्या मजल्याच्या एका ओळीने जे झालं नव्हतं ते झालं. मग मला अजून काय हवंय?

खरं सांगायचं तर मला हवं होतं की तिने वळून विचारावं, आई, तुला कसं कळलं? बस. सीप्झ नको, कोबोल नको, दोन हजार सालची कहाणी नको. तेवढा एक प्रश्न. ती शिकावी ही इच्छा मला आहेच, पण आज रात्री तिचा नंबर दुसरा आहे. पहिला त्या प्रश्नाचा.

संजयला सांगावं म्हटलं. दोह्यात आत्ता दहाच वाजलेत, जागा असेल. असो.

मघाशी मोबाइलवर ऑनलाइन कंपायलर उघडला आणि अंधारात एका अंगठ्याने तोच प्रोग्राम लिहिला. सेमीकोलन शोधायला कीबोर्डची दोन पानं उलटावी लागतात. इतक्या वर्षांनी, आणि पहिल्याच फटक्यात कंपाइल झाला. उगीच उणे चाळीस घातलं. उणे चाळीसच आलं, दोन्ही मोजमापं तिथे एक होतात. बरं वाटलं. दाखवायला कुणी नाही, चिऊ तोंड उघडं टाकून झोपलीय.

आणि मग वाटलं, तापातलं कळतं हे तसं खोटं कुठे आहे? ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे तो आकडा घालायचा आणि मशीन काय म्हणतं ते बघायचं, ऑफिसात आम्ही दोन वर्षं दुसरं काय केलं? २९ फेब्रुवारी २००० घालायचो. शंभराने भाग जाणारं साल लीप नसतं, पण चारशेने जात असेल तर असतं, हे ज्या प्रोग्रामला माहीत नाही तो तिथे पकडला जायचा. त्याला टेस्ट डेटा म्हणायचे आणि पगार द्यायचे. आज थर्मामीटर होता, पगार नव्हता, एवढाच फरक. शिवाय हा सापळा माझ्या आणि सातव्या मजल्याच्याही आधीचा. सी भाषा ज्याने केली तो रिची आणि त्याचा सहकारी कर्निघन, यांच्या १९७८च्या पुस्तकात अगदी सुरुवातीलाच हेच फॅरनहाइट-सेल्सिअस आहे. ५.०/९.० लिहा, नुसतं ५/९ लिहिलंत तर शून्य होईल, असं त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलंय. सातव्या मजल्याला हे माहीत नसणार. मी सांगणार नाही.

व्हायवाला हाच प्रश्न येईल, आणि ती बरोबर सांगेल. एक्स्टर्नल विचारतील, कसं लक्षात आलं? ती सांगेल, ताप. सांगू दे. एक्स्टर्नल घरी जाऊन आपल्या बायकोला सांगतील.

मघाशी तिचा सिलॅबस चाळला. पुढे लूपमध्ये लूप आहेत, ताऱ्यांचे त्रिकोण काढायचे, ते सातवा मजला करून देईल. मग अ‍ॅरे, म्हणजे आकड्यांच्या रांगा. तिथेही निभेल, मोजणी शून्यापासून का यावर एखादी संध्याकाळ जाईल फक्त. पण शेवटच्या युनिटला पॉइंटर आहेत, म्हणजे आकडा नाही, तो कुठल्या डब्यात ठेवलाय त्याचा पत्ता. पॉइंटर एका ओळीत फोनवर सांगता येत नाहीत. त्याला आडवं पान लागतं, पेन्सिल लागते, डब्यावर डबे काढावे लागतात आणि कुणीतरी शेजारी हात मागे बांधून उभं राहावं लागतं. तो कॉमर्सवरून आलाय, त्याचेही तिथे हाल झाले होते, त्याच्या आईनेच सांगितलंय मला लिफ्टमध्ये.

पॉइंटर जानेवारीत. मला घाई नाही.