चौथा हीटर

गाडी चालू झाली, तरी दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

आठवडाभर पहाटे तेच. चारला चोर्ला घाटाची वाट धरायची, तर पिकअप अंगणातच खोकत उभी. पांढरा धूर, कच्च्या डिझेलचा वास, मागं कोथिंबिरीच्या पेंड्या तशाच. थंडीत नुसत्या दाबानं आतली हवा पुरेशी तापत नाही. हीटर प्लगचं टोक लाल होऊन 800 अंशांच्या वर गेलं की मग डिझेल धरतं. वरची पट्टी सोडून मीटर लावला, दोन हीटर मेलेले. बेळगावच्या दुकानदारानं बजावलं, "नाल्कू हाकरी." चारही घाला. म्हणून चार आणले.

तीन निघाले. रात्रीच बुडाशी तेल सोडलं होतं. इंजिन कोमट करून 12 नंबरचा पाना लावला, थोडं मागं थोडं पुढं करत आले बाहेर. केबिनच्या बाजूचा चौथा हलेना. जरा जोर दिला, आतून 'कट' झालं आणि हात तिथंच थांबला. तुटला तर अर्धा इंजिनाच्या डोक्यात, हेडमध्ये राहणार, हेड उतरवायचं, म्हणजे सगळ्या खेपा बुडाल्या. मीटरवर तो चांगला होता. चालतोय त्याला कशाला छेडायचं, असं मनाला सांगितलं. पण खरं कारण ते नव्हतं. मी भ्यालो.

आप्पा भ्याले नसते. हेच डोक्यात घुमत राहिलं. सगळं माझ्याच गळ्यात, आणि हात हे असे. धाकट्याचा परवा फोन आला होता, पण ते आज नको.

उरलेला प्लग ठेवायला आप्पांची हत्यारांची पेटी उघडली. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक हीटर. कोरा. आट्यांना फासलेलं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं. तसाच टॉर्च घेऊन परत बॉनेटखाली वाकलो. चौथ्याचे कोपरे गोल झालेले, आणि त्या झिजेवर काळा जुना मळ बसलेला. ती झीज माझ्या पान्याची नव्हे. या गाडीला त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही.

म्हणजे तेही इथंच थांबले होते.

आधी रागच आला. इतकी वर्षं शेजारी बसवून शिकवलं, हे तेवढं सांगितलं नाही. मग तो कोरा प्लग हातात घेऊन बराच वेळ पायरीवर बसलो. त्यांनाही त्या दिवशी दुसऱ्या पहाटे निघायचंच असणार. घरात आम्ही लहान होतो.

संध्याकाळी आप्पांना सोप्यात चहा दिला तेव्हा म्हटलं, "तीनच बदलले."

बशीत चहा ओतत म्हणाले, "केबिनकडचा ऱ्हायला?"

"होय."

"ऱ्हाऊ दे की."

उद्या मेथी भरायची आहे. साडेतीनचा गजर लावलाय.