अपडेट बसलं होतं, कर्नल जुनाच चालत होता

८ मार्च २०२२, मंगळवार. आदल्याच दिवशी मॅक्स केलरमन यांनी लिनक्स कर्नलमधलं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातलं) ‘डर्टी पाइप’ हे सुरक्षेचं भगदाड (सीव्हीई-२०२२-०८४७) जाहीर केलं होतं. आमच्या डेबियन ११ या लिनक्स प्रणालीच्या सर्व्हरवर अपडेट आपोआप होतात, त्यामुळे दुरुस्त पॅकेज, ५.१०.९२-२, सकाळपर्यंत बसलेलंही होतं. अहवाल सगळा हिरवा.

तरी एका चाचणी मशीनवर साध्या युजरने लॉगिन करून पाहिलं. फाइल रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, मालकीची, परवानगी ४४४, म्हणजे फक्त वाचण्यापुरती. पाइप (एका टोकाने लिहायचं, दुसऱ्याने वाचायचं अशी मेमरीतली नळी) काठोकाठ भरून रिकामा केला, स्प्लाइस या कर्नलच्या सोयीने फाइलमधला एक बाइट नक्कल न करता त्यात आणला आणि लगेच पाइपमध्ये आपला मजकूर लिहिला. ‘कॅट’ने फाइल वाचली तर फाइलमधला मजकूर बदललेला! ‘एलएस -एल’च्या यादीत तारीख-वेळ मात्र जुनीच. मग रूटने पेज कॅश (फाइलींच्या पानांची मेमरीतली प्रत) रिकामा केला आणि फाइल पुन्हा वाचली, तर मूळ मजकूर जसाच्या तसा. डिस्कला धक्काही लागला नव्हता; बदललं होतं ते मेमरीतलं पान.

पाइपच्या प्रत्येक बफरला ‘फ्लॅग्ज’ हा रकाना असतो. स्प्लाइसने पान जोडताना तो कोरा करायचा राहून गेला होता. आधीच्या वापरातला ‘इथे पुढे लिहिलं तरी चालेल’ हा शिक्का तसाच राहायचा आणि कर्नल थेट फाइलच्या पानावर लिहायचा. लिनक्स ५.८पासून हे शक्य होतं. पानाचा पहिला बाइट बदलता येत नाही, ४०९६ बाइटांची हद्द ओलांडता येत नाही, फाइल लांबवता येत नाही. पण युजरची यादी असलेल्या ‘पासडब्ल्यूडी’ फाइलमधली रूटची ओळ बदलायला एवढं पुरेसं आहे. दुरुस्ती काय, तर दोन ठिकाणी तो रकाना शून्य करणं!

मग हिरवा अहवाल कशाचा? ‘डीपीकेजी’ हा पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम डिस्कवर काय आहे ते सांगतो. चालू कर्नल कोणता ते ‘यूनेम -व्ही’ ही आज्ञा सांगते, आणि तिथे अजून ५.१०.९२-१ होतं. ‘यूनेम -आर’वर विसंबू नका, डेबियन पुष्कळदा तेच नाव ठेवून आतला कर्नल बदलतं. रीबूटशिवाय इथे इलाज नव्हता. कंटेनरची (प्रोग्रॅम वेगळा डबाबंद चालवण्याच्या सोयीची) इमेज नवी करूनही उपयोग नाही, कारण कर्नल होस्टचा, म्हणजे खालच्या मूळ मशीनचाच असतो.

दोन मशीन मात्र तशीच रीबूट केली असती तर उठलीच नसती. ५१२ एमबीचं ‘बूट’ पार्टिशन जुन्या कर्नलनी भरल्यामुळे नवा इनिटआरडी (मशीन सुरू होताना कर्नलला लागणारी फाइल) अर्धवट लिहिला गेला होता. ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज’ने जागा केली, ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवलं, इनिटआरडी पूर्ण आकाराचा झाल्याची खात्री केली आणि मगच रीबूट दिला. म्हणून रीबूटच्या आधी ‘डीएफ -एच’ने मोकळी जागा पाहाच.

रीबूटनंतर तीच चाचणी पुन्हा केली. प्रोग्रॅमने ‘काम झालं’ असंच छापलं, कारण पाइपमध्ये लिहिणं आताही यशस्वीच होतं. त्या ओळीवर जाऊ नका, फाइलचा आधीचा आणि नंतरचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ताडून पाहा. आमचा जुळला.